अडीच टनाची जुनी कन्व्हर्टिबल, मूळ इंजिन गेलं, आता नवीन कोणतं टाकावं?

उघडा_टप

मंडळी, जरा लांब लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणी नीट सल्ला देऊ शकणार नाही.

गाडी 1964 ची लिंकन कॉन्टिनेंटल कन्व्हर्टिबल. चार दरवाजे, मागचे उलटे उघडणारे, वजन जवळपास अडीच टन. मूळ इंजिन 430 क्युबिक इंचाचं, म्हणजे 7 लिटरचं व्ही-8, त्याला तीन गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स. बाबांनी ही गाडी जिवापाड सांभाळली, आता माझ्याकडे आली. दोन वर्षं चालवली आणि मग एका चढावर गरम झाली, थांबवेपर्यंत जे व्हायचं ते झालं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढल्यावर कळलं की शेजारशेजारच्या दोन सिलिंडरच्या मध्ये ब्लॉकलाच तडा गेलाय.

मला रेस लावायची नाही. टप उघडून चौघं बसून लांबचा प्रवास करायचा, चढावर धाप लागू नये, सिग्नलला गरम होऊ नये आणि सकाळी किल्ली फिरवली की चालू व्हावी, एवढंच हवंय. म्हणून फ्युएल इंजेक्शनचं नवीन इंजिन आणि ओव्हरड्राइव्ह (इंजिन कमी फिरवून वेग टिकवणारा वरचा गिअर) असलेला गिअरबॉक्स टाकायचं मनात आहे. डोळ्यासमोर तीन आहेत: फोर्डचं 5.0 कोयोटी, जीएमच्या एलएस घराण्यातलं 6.0 किंवा 6.2, आणि फोर्डचं 7.3 गॉडझिला. कोयोटीचे 412 हॉर्सपॉवर बघून मन तिकडे ओढतं कारण जुन्याचे 320 च होते, आणि फोर्डच्या घरातल्या गाडीत फोर्डचंच इंजिन राहील हेही आहेच. तुम्ही काय टाकाल आणि का?

पाना_पक्कड

आधी त्या 320 आणि 412 ची तुलना डोक्यातून काढून टाका दादा, ती दोन वेगळ्या मापांनी मोजलेली माणसं आहेत. जुना आकडा ग्रॉस आहे. तेव्हा इंजिन टेस्ट स्टँडवर ठेवायचे, एअर फिल्टर, सायलेन्सर, डायनॅमो असलं काही ओझं न लावता मोजायचे आणि तोच आकडा जाहिरातीत द्यायचे. 1972 च्या मॉडेलपासून अमेरिकेत नेट आकडे द्यायला लागले, म्हणजे सगळं लटांबर लावून मोजलेले. कॅडिलॅक एल्डोराडोचं 8.2 लिटरचं इंजिन 1971 ला 365 होतं आणि 1972 ला 235, इंजिन जवळपास तेच, फक्त मोजायची पद्धत बदलली. त्या हिशोबाने तुमचं 430 खरं बघता अडीचशेच्या आतबाहेर असावं. म्हणजे तुमच्या यादीतलं कुठलंही इंजिन पॉवरला भरपूर आहे. पॉवरवर निवडायचंच नाही.

दुसरं, ब्लॉकचा तडा नक्की कुठे आहे ते मशीन शॉपमध्ये प्रेशर टेस्ट करून घेतलंत का? तुमचं एमईएल इंजिन म्हणजे मर्क्युरी-एडसेल-लिंकन घराण्यातलं, 1958 चं डिझाइन, आणि त्याची गंमत अशी की हेड खालून सपाट असतं, ब्लॉकचा वरचा भाग तिरका कापलेला असतो आणि कम्बशन चेंबर सिलिंडरच्या तोंडाशीच तयार होतं. त्यामुळे बाकीच्या व्ही-8 ना जे जोडकाम चालतं ते इथे तसंच्या तसं लागू होत नाही. काम जमणाऱ्या माणसालाच दाखवा.

आणि तिसरं, जे बहुतेकांना इंजिन उतरवून झाल्यावर कळतं: तुमच्या गाडीचे वायपर मोटरवर नाहीत. ते हायड्रॉलिक आहेत, पॉवर स्टिअरिंगच्या पंपाच्या तेलावर चालतात. मस्टँगमधून काढलेल्या 2011 नंतरच्या कोयोटीला पॉवर स्टिअरिंगचा पंपच नसतो कारण त्या मस्टँगचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे. म्हणजे ते इंजिन टाकलं की स्टिअरिंगही गेलं आणि वायपरही गेले, वेगळा पंप आणि ब्रॅकेट जोडत बसा. अशक्य नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

उघडा_टप

वायपरचं खरंच लक्षात नव्हतं आलं, खूप आभार. ब्लॉक दोन ठिकाणी दाखवला. तडा सिलिंडरच्या भिंतीतून खाली पाण्याच्या वाटेपर्यंत गेलाय. दोघांनी सांगितलं की स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत नवीन नळी, टाकून करता येईल पण टिकेल याची खात्री देणार नाही. दुसरा चांगला 430 शोधतोय, अजून मिळाला नाही.

लोखंडी_ब्लॉक

माझं मत सरळ आहे, 7.3 टाका. कारण सांगतो. या गाडीचा स्वभाव काय, तर पेडलला नुसता पाय टेकवला की न ओरडता, न गिअर पाडता पुढे सरकते. तो स्वभाव येतो खालच्या आरपीएमला मिळणाऱ्या टॉर्कमधून, म्हणजे फिरवण्याच्या जोरातून. जुन्याचा टॉर्क 465 पाउंड-फूट होता, ग्रॉस असला तरी तीन हजाराच्या आतच मिळायचा. कोयोटीचा 390, तोही 4250 आरपीएमला. एवढं फिरवलं तर लिंकनमध्ये बसल्यासारखं वाटणारच नाही, टप उघडा असताना तर इंजिनचा आवाज थेट कानात.

7.3 हे 2020 च्या सुपर ड्युटी ट्रकसाठी बनवलेलं, पुशरॉडवालं (कॅम हेडमध्ये नाही, खाली ब्लॉकमध्ये), लोखंडी ब्लॉकचं इंजिन. क्युबिक इंचात 445, म्हणजे तुमच्या 430 च्या जवळचंच. 430 हॉर्सपॉवर, 475 पाउंड-फूट, हे दोन्ही नेट. ट्रकमध्ये दिवसभर ओझं ओढायला केलेलं आहे, अडीच टन त्याला काहीच नाही. स्टिअरिंगचा पंप आहे. आणि इंजिन फोर्डचं, म्हणजे बॉनेट उघडल्यावर मनाला टोचणार नाही. बाबांची गाडी आहे म्हणताय ना, मग या गोष्टीला किंमत आहे असं मला वाटतं.

सहावा_गिअर

लोखंडी_ब्लॉक यांचं टॉर्कबद्दल बरोबर आहे पण अर्धंच, कारण चाकाला जो टॉर्क मिळतो तो इंजिनचा नसतो, इंजिन गुणिले गिअर गुणिले क्राउन असा असतो. क्राउनचा, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या शेवटच्या गिअर जोडीचा, रेशो काय आहे तुमच्या? बहुधा 2.89 असेल. तो धरून हिशोब करू.

जुन्या बॉक्सचा पहिला गिअर सुमारे 2.4. म्हणजे 2.4 गुणिले 2.89, जवळपास 7 पट. (ऑटोमॅटिक बॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरमुळे आणखी वाढतो पण तो सगळ्यांनाच असतो म्हणून बाजूला ठेवतो.) आता फोर्डचा सहा गिअरचा 6आर80 घ्या, पहिला 4.17, म्हणजे 12 पट. जीएमचा 6एल80 घ्या, पहिला 4.03, म्हणजे साडेअकरा पटीच्या वर. जुन्या इंजिनचा 465 पाउंड-फूट, म्हणजे 630 न्यूटन-मीटर, 7 ने गुणला तर 4400 येतात. नवीन इंजिनने अगदी 1800 आरपीएमला नुसते 400 न्यूटन-मीटर दिले तरी 12 ने गुणून 4800. म्हणजे ज्याला आपण लहान इंजिन म्हणतोय ते सहा गिअरच्या बॉक्ससकट, पूर्ण न ताणताही, जुन्यापेक्षा जोरात गाडी उचलतं. म्हणून मी म्हणतो, आधी गिअरबॉक्स निवडा, मग त्याला शोभेल असं इंजिन.

याच हिशोबात एक सापळा पण आहे. लोक 6.0 बरोबर जीएमचा चार गिअरचा 4एल80ई टाकतात कारण तो जुन्या टर्बो 400 बॉक्सवरून आलेला दणकट बॉक्स आहे, तुटत नाही. पण त्याचा पहिला गिअर 2.48 च आहे, म्हणजे तुमच्या जुन्या बॉक्सएवढाच. तो घेतलात तर उचल सगळी इंजिनच्या टॉर्कवर अवलंबून, नाहीतर क्राउन बदला.

लोखंडी_ब्लॉक

पहिल्या गिअरचं मान्य. पण गाडी पहिल्या गिअरमध्ये पाच सेकंद असते आणि सगळ्यात वरच्या गिअरमध्ये पाच तास. तिथला हिशोब करा की. 2.89 च्या क्राउनवर 0.67 चा ओव्हरड्राइव्ह लावला की शंभरच्या स्पीडला इंजिन किती फिरेल?

सहावा_गिअर

रास्त प्रश्न. चाकाचा घेर 2.2 मीटर धरला तर ताशी 100 ला डायरेक्ट गिअरमध्ये 2190 च्या आसपास. 4एल80ई चा 0.75 धरला तर 1640, 6आर80 च्या 0.69 ला 1510, 6एल80 च्या 0.67 ला 1470. आणि हो, 1510 ला कोयोटीकडे फार दम नसतो, जरा चढ लागला की बॉक्स सहावरून पाच, पाचवरून चार, परत वर, परत खाली असं करत बसेल. वैताग येतो त्याने, अशा शांत गाडीत तर जास्तच. त्यामुळे कोयोटी घ्यायचं असेल तर क्राउन 3.5 च्या आसपास न्यावा लागेल हे मी मान्य करतो. 6.2 ला ती गरज कमी, कारण सिलिंडर मोठे. कॅडिलॅकच्या एस्कलेड एसयूव्हीमध्ये 2007 ला आलेलं 6.2 म्हणजे एल92, 403 हॉर्सपॉवर आणि 417 पाउंड-फूट, आणि एस्कलेड हीसुद्धा अडीच टनाचीच गाडी. तिथे याच सहा गिअरच्या बॉक्सबरोबर ते आयुष्यभर हेच काम करत आलंय. मला तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं उदाहरण तेच वाटतं.

शांत_रस्ता

डिझेलचा विचार केलाय का? टॉर्क खाली मिळेल आणि एव्हरेजही.

पाना_पक्कड

टॉर्क मिळेल, पण कन्व्हर्टिबलला छप्पर नाही म्हणजे बॉडीला वरचा पट्टाच नाही. चार सिलिंडरच्या डिझेलची आयडलची थरथर पुढच्या काचेच्या फ्रेममध्ये आणि आरशात दिसते, आणि ती घालवायला मऊ माउंटिंग लावली की इंजिन हलतं. शिवाय पेट्रोल इंजिनसारखा व्हॅक्यूम (हवा ओढण्याचा जोर) मिळत नाही, वेगळा पंप लागतो. या गाडीत ब्रेकच्या बूस्टरला तर व्हॅक्यूम लागतोच, दरवाज्यांचे लॉकही व्हॅक्यूमवर आहेत. हाच मुद्दा पेट्रोल इंजिनलाही लागू: व्हाल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम टाकून आयडलला धडधडणारं इंजिन करू नका, व्हॅक्यूम पडतो आणि ब्रेक कडक होतो. कंपनीचा मूळ कॅमच ठेवा.

वायरिंगवाला

मेकॅनिकल बाजूने सगळे लिहितायत, मी विजेचं आणि पेट्रोलचं लिहितो कारण असली कामं अडतात ती इथेच, इंजिन बसून महिने झालेले असतात आणि गाडी चालू होत नसते.

कार्बोरेटरच्या पंपाला पाच-सात पीएसआय दाब पुरतो. एलएसला 58 पीएसआय लागतात, कोयोटीलाही तेवढंच धरा. म्हणजे जुनी पाइपलाइन, रबरी नळ्या, सगळं बदलायचं, एकही जुना तुकडा ठेवायचा नाही, 58 पीएसआयला फुटलेली नळी म्हणजे आगच. पंप टाकीच्या आत बसवा, बाहेर लावलेला आवाज करतो आणि गरम होतो. आणि टाकीत पंपाभोवती आडभिंती करून घ्या. जुन्या टाकीत पेट्रोल एका कुशीला गेलं तरी कार्बोरेटरच्या वाटीत थोडं शिल्लक असायचं म्हणून कळायचं नाही. इंजेक्शनला एक सेकंद हवा गेली तरी इंजिन झटका देतं.

अर्थिंग. या गाडीत टपाला आणि डिकीच्या झाकणाला हायड्रॉलिक पंप, त्यांच्या मोटरी, रिले, लिमिट स्विच असं सगळं जंजाळ आहे आणि ते साठ वर्षं जुन्या तारांवर चालतं. टप उघडताना ती मोटर एवढा करंट खेचते की हेडलाइट मंद होतात. इसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, तसा व्होल्टेज ड्रॉप चालत नाही. इसीयूची पॉवर आणि अर्थ थेट बॅटरीवरून वेगळी घ्या, ब्लॉकपासून बॉडीला आणि बॉडीपासून बॅटरीला जाड पट्टी टाका. जुन्या गाडीच्या हार्नेसमध्ये इंजिनचा हार्नेस मिसळू नका, दोन वेगळे ठेवा, म्हणजे उद्या कुणाला जुनं इंजिन परत बसवायचं झालं तरी मूळ वायरिंग शाबूत राहील.

एलएस घेणार असाल तर क्रँकच्या रिलक्टर चाकाला (सेन्सर ज्याचे दात मोजतो त्या चाकाला) 24 दात आहेत की 58 ते आधी बघा, इसीयू त्याप्रमाणे ठरतो. सेकंडहँड इंजिन घेताना इसीयू, हार्नेस, पेडल, थ्रॉटल बॉडी आणि गिअरबॉक्स एकाच गाडीतून घ्या. तुकडे तुकडे जमवलेले एकमेकांशी बोलत नाहीत.

स्पीडोमीटर केबलचा आहे, नवीन बॉक्स सेन्सरवाला. सिग्नल घेऊन केबल फिरवणारी छोटी मोटरवाली डबी मिळते, तीच लावा. जुना मीटर काढून डिजिटल लावू नका प्लीज.

टप_आणि_वारा

मी असंच काम केलंय, गाडी वेगळी पण तीही साठच्या दशकातली, मोठी, जड कन्व्हर्टिबल, तिच्यात लोखंडी ब्लॉकचं 6.0 टाकलं. इंजिन निवडण्यावर मी सहा महिने घालवले आणि बॉडीवर एक दिवस, आणि त्याची शिक्षा गाडीने मला दिली.

इंजिन उतरवताना गाडी स्टँडवर होती आणि काम सोपं व्हावं म्हणून चारही दरवाजे उघडे ठेवले होते. इंजिन आणि बॉक्स निघाले म्हणजे नाकावरचं चारशे किलोच्या वर वजन गेलं, त्यात स्टँड जरा चुकीच्या जागी. नवीन इंजिन बसवून गाडी खाली उतरवली तर मागचा डावा दरवाजा लागेना. फट वर 4 मिलीमीटर जास्त, खाली घासतोय. छपराच्या गाडीत असं झालं असतं तर छपराने धरून ठेवलं असतं. कन्व्हर्टिबलमध्ये दोन्ही बाजूंच्या सिलच, म्हणजे दरवाज्यांखालच्या आडव्या पेट्याच, सगळं वजन वाहतात, आणि तुमच्या गाडीला तर वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस, वर चार दरवाज्यांची भोकं. ती फट नीट करायला मला इंजिनच्या कामापेक्षा जास्त वेळ लागला, आणि अजूनही तो दरवाजा लावताना माझा हात आपोआप जरा उचलला जातो.

म्हणून कळकळीने सांगतो. काहीही काढायच्या आधी आठही फटी वरपासून खालपर्यंत मोजून लिहून ठेवा. सिल आतून गंजलेली असेल तर आधी ती करा, इंजिनचे पैसे नंतर खर्च करा. नवीन ब्रेसिंग (बॉडीला आधाराच्या पट्ट्या) वेल्ड करायचं असेल तर गाडी चाकांवर, सपाट जमिनीवर, दरवाजे लावलेले असताना. पहिल्या गिअरला 12 पट टॉर्क म्हणून वर हिशोब दिलाय तो बरोबर आहे, पण तो टॉर्क बॉडीलाही पिळतो हे विसरू नका. इसीयूमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या गिअरला टॉर्क कमी करून घेता येतो, मी तसं करून घेतलंय आणि चालवताना काही कमी वाटत नाही.

मोजमापाचं पण एक. ऑइलचं चेंबर कुठे खोल आहे, पुढे की मागे, हे स्टिअरिंगच्या रॉडवर ठरतं. गाडी जॅकवर असताना जागा दिसते, चाकांवर आली की क्रॉसमेंबर आणि चेंबरमध्ये बोटही जात नाही. एलएसला वेगवेगळ्या आकाराची चेंबर भरपूर मिळतात, हा त्या घराण्याचा मोठा फायदा. आणि पुशरॉडवालं असल्यामुळे रुंदीला लहान. कोयोटीला दोन्ही बाजूंना दोन-दोन कॅम, त्यामुळे हेड रुंद, स्टिअरिंग बॉक्सच्या बाजूला एक्झॉस्ट काढताना घाम निघेल. 7.3 रुंदीला ठीक आहे पण ट्रकचा मॅनिफोल्ड (इंजिनवरचा हवा आत घेणारा भाग) उंच, तुमचं बॉनेट सपाट आणि खाली. पुठ्ठ्याचं इंजिन करून आत ठेवून बघा, खरंच.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर अजून सिंगल सर्किट असेल तर इंजिनच्या आधी तो डबल करा. 64 ला चारही ड्रम आहेत. पुढे डिस्क बसवल्याशिवाय जास्त पॉवर देऊ नका, चौघं घरचे बसणार आहेत ना त्यात.

उघडा_टप

सगळ्यांना उत्तर द्यायला दहा दिवस लागले कारण खरंच पुठ्ठा कापत बसलो होतो.

क्राउन 2.89 च निघाला. 7.3 वर माझं मन बसलं होतं, फोर्डचं आणि जुन्याच्या मापाचं म्हणून. त्याच्या मापांचा पुठ्ठा केला, आत ठेवला, मॅनिफोल्ड बॉनेटच्या वर येतोय. कमी उंचीचा मॅनिफोल्ड लावून जमेल पण मग ट्रकचं चेंबरही बदलावं लागतंय, आणि त्याच्याबरोबर येणारा दहा गिअरचा बॉक्स एवढा मोठा आहे की टनेल, म्हणजे गिअरबॉक्सवरचा फ्लोअरचा उंचवटा, कापावा लागेल. कापायचं काहीच नाही हे मी ठरवलंय. बाबांनी या गाडीला एक ज्यादा भोक पाडू दिलं नव्हतं, म्हणून.

तर 6.2 आणि सहा गिअरचा बॉक्स. एस्कलेडचं उदाहरण पटलं. अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, जुन्यापेक्षा बराच हलका, म्हणजे पुढच्या स्प्रिंगांची उंची परत बघावी लागेल ते लिहून ठेवलंय. पंप इंजिनवरच आहे, तेलाची लाइन आधी वायपरला आणि तिथून स्टिअरिंगला, जुनी होती तशीच ठेवणार. फोर्डमध्ये जीएम बघून कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे. माउंटिंग बोल्टवर बसणारी करतोय, वेल्ड काही नाही. तडा गेलेला 430 विकणार नाही, तेल लावून गुंडाळून ठेवतोय, चांगला ब्लॉक मिळाला तर त्याचे हेड आणि बाकीचं सामान कामाला येईल.

सिल आतून बघितली. उजवी चांगली आहे. डाव्या बाजूला मागच्या दरवाज्याखाली हाताएवढा भाग गंजलाय, तो आधी. टप_आणि_वारा, तुम्ही लिहिलं नसतं तर मी तिथे बघितलंच नसतं.

एकच विचारायचं राहिलं. फटी मोजल्या, सगळ्यात जास्त फरक पुढच्या उजव्या दरवाज्याला, वर 5 आणि खाली 7 मिलीमीटर. हे इंजिन काढायच्या आधीचं आहे, म्हणजे गाडी अशीच होती की बिजागरी झिजलीय?

टप_आणि_वारा

ड्रायव्हरच्या बाजूचा नाही ना? मग झीज कमी असणार. दरवाजा अर्धा उघडा, खालून धरून वर उचलून बघा. खटका जाणवला तर बिजागरीची पिन. नाही जाणवला तर तसाच ठेवा, हात लावू नका, तेच आकडे तुमचं माप. इंजिन बसवल्यावर परत 5 आणि 7 च यायला हवेत.

उघडा_टप

खटका नाही. 5 आणि 7 दरवाज्याच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवलं. डावी सिल आधी करून घेतो, मग इंजिन उतरवणार, चारही दरवाजे लावून.